आठ वॅटचा अँप्लिफायर: जपानला कमी ताकदीच्या व्हॉल्व्हचं वेड लागलं कसं?

दुकानात होम थिएटरच्या खोक्यावर '५००० वॅट पीएमपीओ' असं ठळक छापलेलं असतं. गणपती मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतीचा हिशेब तर हजारांच्या खाली येतच नाही. अशा आपल्याकडे कुणी सांगितलं की जपानमध्ये लोक काही लाख रुपये मोजून आठ वॅटचा अँप्लिफायर घेतात, तर पहिली शंका येते ती घेणाऱ्याच्या डोक्याबद्दल. त्यातही तो ट्रान्झिस्टरचा नाही. आजोबांच्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा, चालू केल्यावर आधी गरम व्हायला वेळ घेणारा.

गेल्या काही वर्षांत मुंबई, पणजी, बंगळुरूकडे जपानी धर्तीचे 'लिसनिंग बार' निघाले आहेत. मोठ्या स्पीकरसमोर बसायचं, रेकॉर्ड लावायची आणि ऐकायची. त्यांच्याबरोबर या व्हॉल्व्हची चर्चा आली आणि एक तयार खुलासाही आला: जपानी माणूस मुळातच मितभाषी, झेन वृत्तीचा, त्याला थोडक्यात गोडी वाटते, म्हणून अँप्लिफायरही थोडक्या ताकदीचा. खुलासा ऐकायला छान आहे, पण मला तो बराचसा पोकळ वाटतो. खऱ्या कारणांत युद्धानंतरचा भंगार माल आहे, रेडिओवरचा कर आहे, सिनेमाची थिएटरं आहेत, दर महिन्याला सर्किट छापणारी मासिकं आहेत आणि कपाटाएवढे स्पीकर आहेत. संस्कृती त्यातही आहेच. पण ती मठातली नाही, बाजारातली आहे.

व्हॉल्व्ह नेमकं करतो काय

रेकॉर्डच्या पिनमधून किंवा सीडी प्लेअरमधून येणारा विजेचा संदेश फार क्षीण असतो. त्याने स्पीकरचा पडदा हलत नाही. अँप्लिफायरचं काम एवढंच की त्या क्षीण संदेशाच्या तालावर मोठा वीजप्रवाह नाचवायचा. पाटाच्या पाण्यावरची फळी आठवा. शेतकरी एका हाताने फळी वरखाली करतो, त्याला फारसं बळ लागत नाही, पण त्या हालचालीबरोबर पाण्याचा लोंढा कमीजास्त होतो. व्हॉल्व्हमध्ये फळीचं काम एक बारीक तारेची जाळी करते. एका बाजूला तापलेली तार इलेक्ट्रॉन सोडते, दुसऱ्या बाजूला धातूची पट्टी ते ओढून घेते आणि मधली जाळी त्यांना आवरते किंवा जाऊ देते. तार, जाळी आणि पट्टी अशा तीन भागांच्या या व्हॉल्व्हला ट्रायोड म्हणतात. अमेरिकेत ली डी फॉरेस्टने १९०६च्या सुमारास पहिला बनवला.

पुढे या तिघांत आणखी जाळ्या घालून पाच भागांचे पेंटोड आले. तेवढ्याच विजेत ते जास्त ताकद देतात. ट्रायोड त्या मानाने उधळे. जपानी शौकिनांचं दैवत म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचा '३००बी' हा ट्रायोड. वीतभर उंचीची, पोटाला फुगलेली आणि खांद्याशी निमुळती होत गेलेली काच, खाली चार जाड पिना, आत राखाडी पट्टी. पट्टीच्या फटीतून नारिंगी तार दिसते. पाच व्होल्टवर ती मंद जळत असते, पणतीइतकीही उजळ नाही. अशा एका व्हॉल्व्हला ३०-३५ वॅट पुरवले, तर स्पीकरकडे सात-आठ वॅट जातात. बाकीची उष्णता. हिवाळ्यात त्यावर हात शेकता येतो, आणि हे मी गंमत म्हणून लिहीत नाही.

आणखी एक शब्द पुढे लागणार आहे: 'सिंगल एंडेड'. बहुतेक अँप्लिफायरमध्ये शेवटच्या टप्प्यात दोन व्हॉल्व्ह किंवा दोन ट्रान्झिस्टर असतात. आवाजाच्या लाटेचा वरचा अर्धा भाग एक ढकलतो, खालचा दुसरा ओढतो. ही 'पुश-पुल' पद्धत. सिंगल एंडेडमध्ये संपूर्ण लाट एकाच व्हॉल्व्हच्या खांद्यावर. म्हणून ताकद कमी, वीज जास्त, पण सुटे भाग अगदी मोजके. हा शेवटचा मुद्दा लक्षात असू द्या, अकिहाबारा या टोकियोतल्या सुट्या भागांच्या बाजारात तो उपयोगी पडणार आहे.

वॅट म्हणजे आवाज नव्हे

सगळा गोंधळ इथे होतो. वॅट हा अँप्लिफायर स्पीकरला किती वीज देतो याचा आकडा आहे. त्यातून कानावर किती आवाज पडेल, हे स्पीकर ठरवतो. प्रत्येक स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो: एक वॅट दिल्यावर एक मीटरवर किती डेसिबल आवाज. याला सेन्सिटिव्हिटी म्हणतात. आजच्या छोट्या, सुबक स्पीकरची साधारण ८५ डेसिबल असते. जुन्या थिएटरच्या कर्ण्याच्या स्पीकरची शंभर किंवा त्याहून अधिक.

८५ आणि १०० यांत फरक किरकोळ वाटतो, पण डेसिबलची मोजपट्टी फसवी आहे. तीन डेसिबल वाढवायचे तर ताकद दुप्पट लागते, दहा वाढवायचे तर दहापट. पंधरा डेसिबलच्या फरकाला सुमारे ३२ पट. म्हणजे शंभरच्या स्पीकरवर आठ वॅट जे करतात, तेच ८५च्या स्पीकरकडून करून घ्यायला अडीचशे वॅट लागतात. आठ वॅटवाला वेडा आणि अडीचशे वॅटवाला शहाणा असं नाहीच. दोघांच्या खोलीत आवाज सारखाच.

घरात बसून माणूस किती आवाजात ऐकतो, तेही पाहा. शंभर डेसिबलच्या स्पीकरसमोर दोन-तीन मीटरवर बसून आरामात गाणं ऐकताना सरासरी वापर वॅटच्या शंभराव्या-पन्नासाव्या भागाइतका असतो. तबल्याची थाप, पियानोचा जोरकस स्वर आला की क्षणभर एक-दोन वॅट. आठ वॅटमध्येही राखीव शिल्लक उरते.

खोक्यावरच्या पीएमपीओचं काय? त्या आकड्याला कुठलंही सर्वमान्य मोजमाप नाही. कंपनी सांगेल तेवढे. अमेरिकेत असल्याच फुगवलेल्या आकड्यांना कंटाळून १९७४मध्ये तिथल्या व्यापार आयोगाने अँप्लिफायरची ताकद कशी मोजून छापायची याचा नियमच केला.

मग जगाने मोठे वॅट का पत्करले?

कारण कर्ण्याचा स्पीकर घरात मावत नाही. खालचे, खर्जातले सूर कर्ण्यातून काढायचे तर त्याचं तोंड मोठं लागतं आणि लांबीही. १९५४मध्ये अमेरिकेत एडगर व्हिलचरने 'एआर-१' हा स्पीकर आणला. छोट्या बंद पेटीतून त्याने असा खर्ज काढला की लोक थक्क झाले. किंमत एकच होती: तो स्पीकर अँप्लिफायरची ताकद घटाघट पिऊन टाकायचा. १९५८मध्ये स्टिरिओ रेकॉर्डी आल्या, घरात एकाऐवजी दोन स्पीकर ठेवायची वेळ आली, आणि छोट्या पेटीचं राज्य पक्कं झालं. छोट्या पेटीला मोठा अँप्लिफायर हवा. मोठा अँप्लिफायर म्हणजे पेंटोड, पुश-पुल, नंतर ट्रान्झिस्टर.

सोबत 'निगेटिव्ह फीडबॅक' आला. बेल लॅबच्या हॅरल्ड ब्लॅकला ही युक्ती १९२७मध्ये हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली होती. अँप्लिफायरच्या तोंडातून बाहेर पडलेल्या आवाजाचा थोडा भाग उलटा करून परत सुरुवातीला आणायचा, मूळ संदेशाशी ताडून पाहायचा आणि चूक झाली असेल ती तिथेच कापायची. अत्यंत हुशार कल्पना. पेंटोड आणि ट्रान्झिस्टर एरवी बरीच चूक करतात; फीडबॅकमुळे ती नगण्य होते. ट्रायोड मुळातच सरळमार्गी असल्याने त्याचं याच्याशिवायही भागतं. जपानी सिंगल एंडेड मंडळी बहुधा फीडबॅक वापरतच नाहीत, किंवा अगदी चिमूटभर.

अकिहाबारा: रुळांखालची शाळा

जपानमध्ये रेडिओचं प्रसारण मार्च १९२५मध्ये सुरू झालं. 'मुसेन तो जिक्केन' हे बिनतारी प्रयोगांचं मासिक त्याच्या आधीच, १९२४मध्ये निघालं होतं. ऐकायला काही नव्हतं तेव्हापासून लोक रेडिओ जुळवायला शिकत होते. हेच मासिक पुढे 'एमजे' या नावाने व्हॉल्व्हवाल्यांची पोथी झालं.

युद्धानंतर टोकियो बेचिराख होतं. शहरातल्या 'कांदा' नावाच्या भागात विजेचं शिक्षण देणारी संस्था होती. तिथले विद्यार्थी सुटे भाग आणून रेडिओ जुळवून विकायचे. जपानी आणि अमेरिकी सैन्याचा उरलासुरला माल, व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर, रस्त्यावर पथाऱ्या पसरून विकला जाई. घराघरात बातम्या ऐकायची भूक होती आणि कारखान्यातून तयार होऊन येणाऱ्या रेडिओवर चैनीच्या वस्तूंचा कर होता. हाताने जुळवलेला रेडिओ त्यातून सुटायचा. म्हणून शेजारचा हुशार मुलगा सोल्डरिंग गन घेऊन बसला की गल्लीचं काम भागायचं.

१९४९मध्ये जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी प्रशासनाने रस्त्यावरच्या पथाऱ्या हटवायचा हुकूम काढला. रेडिओवाल्यांनी धडपड करून अकिहाबारा स्टेशनपाशी रेल्वेच्या पुलाखालची जागा मिळवली. आजही सोबू लाइनच्या रुळांखाली ती 'रेडिओ सेंटर'ची गल्ली आहे. दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने अंग चोरायचं, एवढी अरुंद. एकेक गाळा चटईएवढा. एकात फक्त स्विच, एकात फक्त तार, एकात फक्त व्हॉल्व्ह, आणि मालक मालाच्या मधोमध असा बसलेला की त्याला उठायचं तर आधी दोन खोकी हलवावी लागतील. वर गाडी गेली की सगळं थरथरतं. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत ज्यांनी कधी एका रेझिस्टन्ससाठी दहा दुकानं पालथी घातली आहेत, त्यांना तिथे परकं वाटू नये.

आता सिंगल एंडेडचा तो मुद्दा. या पद्धतीच्या अँप्लिफायरला सुटे भाग इतके कमी लागतात की नवशिक्याही दोन-चार रविवारी जुळवू शकतो. भाग कमी, म्हणून एक बदलला की फरक कानाला लगेच कळतो. हा कंडेन्सर काढून तो घाल, ऐक. हा ट्रान्सफॉर्मर बदल, ऐक. शंभर भागांच्या यंत्रात असा खेळ खेळता येत नाही. मासिकं दर महिन्याला नवं सर्किट छापत, वाचक रविवारी अकिहाबाराला जाऊन सामान आणत, पुढच्या महिन्यात त्यावर वाद. कमी ताकद हा आदर्श नव्हता. हाताने जुळवता येईल अशा सगळ्यात सरळ यंत्राचा तो साइड इफेक्ट होता.

या गिऱ्हाइकांच्या जोरावर एक वेगळाच धंदा उभा राहिला, ट्रान्सफॉर्मरचा. व्हॉल्व्हला स्पीकरशी जोडायला मध्ये ट्रान्सफॉर्मर लागतो. सिंगल एंडेडमध्ये तर त्यातून सतत एकाच दिशेने प्रवाह वाहतो, म्हणून त्याच्या लोखंडी गाभ्यात मुद्दाम बारीक फट ठेवावी लागते आणि गाभा मोठा करावा लागतो. तो नीट गुंडाळणं ही कारागिरी. तामुरा, टँगो ही नावं या कामासाठी जगभर गेली. पुढे स्टिरिओ सेटसाठी प्रसिद्ध झालेली सानसुई कंपनीही सुरुवातीला ट्रान्सफॉर्मरच बनवायची.

थिएटरमधून दिवाणखान्यात

३००बी जपानी नाही, हे आवर्जून सांगायला हवं. तो १९३०च्या दशकातला अमेरिकी व्हॉल्व्ह, सिनेमा आणि टेलिफोनच्या कामासाठी केलेला. बोलपट आले तेव्हा वेस्टर्न इलेक्ट्रिकने थिएटरमध्ये आवाजाची यंत्रणा बसवायला घेतली. त्यांचा '९१' क्रमांकाचा अँप्लिफायर याच घराण्यातल्या एका सिंगल एंडेड व्हॉल्व्हवर चालायचा, ताकद आठ वॅटच्या आसपास, आणि तो छोट्या थिएटरमधल्या शेकडो प्रेक्षकांना पुरायचा. कारण पडद्यामागे प्रचंड कर्णे होते.

जपानशी या कंपनीचं नातं जुनं. १८९९मध्ये तिच्याच भागीदारीत निप्पॉन इलेक्ट्रिक, म्हणजे आजची एनईसी, स्थापन झाली. परदेशी भांडवलावरची ती जपानमधली पहिली संयुक्त कंपनी. बोलपटांबरोबर वेस्टर्नची यंत्रं जपानी थिएटरांत पोचली. युद्धानंतरच्या पिढीने आयुष्यातला पहिला भव्य आवाज ऐकला तो तिथे, घरी नव्हे. सिनेमाच्या ध्वनियंत्रणेत काम केलेले इतो किताओ यांच्यासारखे लोक मग मासिकांतून लिहू लागले: ९१ क्रमांकाच्या धर्तीचा अँप्लिफायर घरी कसा करावा, तारा किती नेटक्या ओढाव्यात. त्यांच्या अँप्लिफायरचं पोट उघडून दाखवणारे फोटो आजही शौकीन भक्तिभावाने बघतात. वायरिंग इतकं सरळ आणि काटकोनात की एखाद्या गृहिणीने फडताळ लावावं तसं.

तिकडे अमेरिकेत थिएटरवाले जुनी यंत्रं भंगारात काढत होते. १९७०-८०च्या दशकांत जपानी व्यापारी रोख पैसे घेऊन अमेरिकेत फिरले आणि वेस्टर्नचे कर्णे, अँप्लिफायर, व्हॉल्व्ह, मरांट्झ आणि मॅकिंटॉश या कंपन्यांचे जुने अँप्लिफायर कंटेनर भरून घेऊन आले. ज्यांना हे विकलं, त्या अमेरिकनांना गिऱ्हाईक खुळं वाटलं. वेस्टर्न इलेक्ट्रिकने १९८८मध्ये ३००बी बनवणं थांबवलं, आणि मग किमती अशा चढल्या की विकणाऱ्यांना आपणच खुळे होतो हे उमगलं.

पण जपानी घरं तर लहान! कपाटाएवढा कर्णा ठेवायचा कुठे?

रास्त शंका. याची दोन उत्तरं आहेत. पहिलं, पुष्कळांनी चटईच्या खोलीतच ठेवला आणि उरलेल्या जागेत स्वतः राहिले. हे अतिशयोक्तीचं वाटेल, पण जपानी शौकिनांच्या खोल्यांचे फोटो पाहिलेत तर पटेल. तेत्सुओ नागाओकांसारख्या लेखकांनी घरासाठीच एक वेगळी वाट दाखवली. छोटा, एकच शंकू असलेला फॉस्टेक्ससारखा स्पीकर घ्यायचा आणि प्लायवूडच्या पेटीत मागच्या बाजूने कर्ण्याची घडी घालायची. सुतारकाम येत असेल तर खर्च बेताचा, आणि संवेदनशील स्पीकर मिळाला की कमी वॅट पुरतात.

दुसरं उत्तर, सगळ्यांनी घरी ऐकलंच नाही. परदेशी रेकॉर्ड पगाराच्या मानाने फार महाग असताना लोक कॉफीच्या दुकानात जाऊन ऐकायचे. योकोहामाचं 'चिगुसा' हे जॅझचं दुकान १९३३चं. टोकियोत शिबुयाला 'लायन' आहे, १९२६मध्ये सुरू झालेलं, बॉम्बहल्ल्यात जळालेलं आणि १९५०मध्ये पुन्हा बांधलेलं. तिथे खुर्च्या एकमेकांकडे तोंड करून नाहीत; सगळ्या एकाच दिशेला, एसटीतल्या बाकांसारख्या, आणि समोर दोन मजल्यांच्या उंचीत चढवलेले लाकडी स्पीकर. बोलायला मनाई. कॉफी एक, बसा कितीही वेळ. महागडी यंत्रणा आणि रेकॉर्डी एकाने घ्यायच्या, ऐकायचं शेकडो लोकांनी, असा हा व्यवहार होता.

मात्र अशी प्रत्येक जागा व्हॉल्व्हवर चालते हा गैरसमज. इचिनोसेकीचं 'बेसी' हे १९७०मध्ये सुरू झालेलं जॅझचं दुकान जगभरात नावाजलं गेलं, आणि तिथले अँप्लिफायर जेबीएलचे, ट्रान्झिस्टरवाले.

मग झेन, साधेपणा, शांतता यांना काहीच अर्थ नाही?

थोडा आहे. कादंबरीकार जुनइचिरो तानिझाकी यांनी १९३३-३४मध्ये एका निबंधात तक्रार केली होती की ग्रामोफोन आणि रेडिओ जपान्यांनी शोधले असते तर ते जपानी आवाजाला आणि संगीतातल्या स्तब्धतेला साजेसे झाले असते. कर्ण्यातून मोठं केलं की आपल्या संगीताची अर्धी मोहिनी जाते. झेनवाले हाच दाखला देतात. पण या व्हॉल्व्हवर जपानी शौकीन प्रामुख्याने ऐकत काय होते? बेथोव्हन, ब्राह्म्स, कोल्ट्रेन. परदेशी संगीत, परदेशी व्हॉल्व्ह, परदेशी कर्णे. साधेपणाची परंपरा असती तर चांदीच्या तारांचे ट्रान्सफॉर्मर कुणी गुंडाळले नसते.

तांत्रिक अंगाने मात्र शांततेचा मुद्दा खरा ठरतो. लाकूड-कागदाच्या भिंतींच्या घरात, रात्री शेजारी झोपलेले असताना, हळू आवाजातच ऐकावं लागतं. सुरुवातीच्या ट्रान्झिस्टर अँप्लिफायरमध्ये लाट एका ट्रान्झिस्टरकडून दुसऱ्याकडे जाताना मध्ये खाच पडायची. आवाज मोठा असेल तर ती बुडून जाई, हळू आवाजात मात्र टोचायची. सिंगल एंडेड ट्रायोडचं उलट. आवाज जितका कमी, तितका त्याचा दोष कमी. मध्यरात्री वॅटच्या शंभराव्या भागावर तो आपल्या सगळ्यात चांगल्या अवस्थेत असतो. १९६०च्या दशकात ज्याने दोन्ही शेजारी ठेवून ऐकले, त्याला व्हॉल्व्ह आवडला असेल तर त्याचा कान खोटं बोलत नव्हता.

"मोजमापात हे अँप्लिफायर नापासच होतात ना?"

हो, आणि हे मान्य करायला व्हॉल्व्हवाले कुरकुरतात. पूर्ण ताकदीला ताणला की सिंगल एंडेड ३००बी काही टक्के भेसळ करतो, म्हणजे मूळ सुरात नसलेले सूर घालतो. हजार-दोन हजार रुपयांचं चिपवरचं यंत्रही याबाबतीत त्याच्या कितीतरी पुढे आहे. बचाव असा की ही भेसळ मुख्यतः मूळ सुराच्या दुप्पट कंपनसंख्येची, म्हणजे वरच्या सप्तकातल्या त्याच स्वराची असते. षड्जात तार षड्जाचा अंश मिसळला तर कानाला तो बेसूर वाटत नाही, भरदार वाटतो. पुश-पुलमध्ये ही दुप्पट कंपनांची भेसळ आपोआप कटते आणि तिप्पट-पाचपटीची उरते, ती जास्त कर्कश.

बचाव खरा आहे, पण त्यात अर्धीच गोष्ट आहे. व्हॉल्व्हच्या आवाजाचं दुसरं मोठं कारण शौकीन क्वचित सांगतात. फीडबॅक नसलेला असा अँप्लिफायर स्पीकरला घट्ट धरून ठेवू शकत नाही. स्पीकरचा विजेला होणारा अडथळा प्रत्येक सुराला वेगळा असतो. अडथळा वाढेल तिथे आवाज चढतो, घटेल तिथे उतरतो. खर्ज थोडा सैल, फुगीर होतो. म्हणजे आपण 'व्हॉल्व्हची ऊब' म्हणतो ती पुष्कळदा त्या विशिष्ट जोडीची ऊब असते. स्पीकर बदला, ऊब बदलेल. त्यामुळे 'तंतोतंत तोच आवाज' हा निकष असेल तर ट्रान्झिस्टर जिंकतो, वाद संपला. आपल्याला आवडेल असा आवाज घडवायचा असेल, तर वाद नव्याने सुरू होतो. तातेयामा गावात हॅम्बर्गर स्टेकचं हॉटेल चालवणारे सुसुमु साकुमा तर एकाच स्पीकरवर, मोनोमध्येच ऐकायचे, आणि टप्प्याटप्प्याला ट्रान्सफॉर्मर घातलेले अँप्लिफायर जुळवून त्यांची सर्किटं 'एमजे'त छापायचे. मोजमापवाल्यांनी डोकं धरावं अशी ती यंत्रं. जगभरातून लोक ऐकायला तिथे जात.

जपाननेच तर ट्रान्झिस्टर घरोघरी नेला

हा या गोष्टीतला सगळ्यात मजेदार पेच. सोनीचा टीआर-५५ हा जपानमधला पहिला ट्रान्झिस्टर रेडिओ १९५५चा. १९७८मध्ये पायोनियरने एसएक्स-१९८० काढला, प्रत्येक बाजूला २७० वॅटचा. व्हॉल्व्ह गाडला तो जपानी कारखान्यांनीच. आणि त्याच काळात, त्याच देशात, ओसाकाची लक्समन कंपनी एनईसीने बनवलेल्या ५०सीए१० या ट्रायोडवरची 'एसक्यू-३८' मालिका टिकवून होती, आणि रविवारची गर्दी अकिहाबारात ३००बी शोधत होती. बहुधा म्हणूनच शोधत होती. आठवडाभर कारखान्यात २७० वॅटची यंत्रं पट्ट्यावरून जाताना बघणाऱ्याला रविवारी स्वतःच्या हाताने एक काहीतरी करावंसं वाटलं, तर नवल नाही. हा माझा तर्क आहे, पण या मासिकांचे पुष्कळ लेखक पेशाने इंजिनिअर होते, ही वस्तुस्थिती आहे.

१९७०च्या दशकापासून या छंदातून छोटे कारखाने निघाले. केन शिंदोंचा, हिरोयासू कोंदोंचा. आणि १९८६मध्ये लक्समनमधून बाहेर पडलेल्या मिउरांचा 'एअर टाइट'. कोंदोंच्या 'ऑडिओ नोट'ने १९८९च्या सुमारास चांदीच्या तारांचा 'ओंगाकू' काढला आणि एका अँप्लिफायरची किंमत घराशी ताडून पाहायची पद्धत पाडली. त्याआधीच ज्याँ हिरागा फ्रान्समधल्या मासिकांतून जपानी ट्रायोडचं वेड युरोपला सांगत होते. १९९०च्या दशकात ते अमेरिकेला पोचलं. ज्यांनी भंगारात विकलं होतं, त्यांनीच मग मागायला सुरुवात केली. वेस्टर्न इलेक्ट्रिकने ३००बी पुन्हा बनवायला घेतला, आणि आज तो चीन, स्लोव्हाकिया आणि जपानमध्येही बनतो.

घ्यायचाच असेल तर

अँप्लिफायर आधी घेऊ नका. स्पीकरचा कागद मागवा आणि सेन्सिटिव्हिटी बघा. ८५-८६ असेल तर आठ वॅटचा अँप्लिफायर तुमच्या घरी सतारीच्या आलापापुरता गोड वाटेल आणि द्रुत लयीतला झाला आला की धापा टाकेल. ९५च्या पुढे असेल तर पुढचं बोलणं करावं. त्याच कागदावर स्पीकरचा अडथळा ओहममध्ये दिलेला असतो. तो फार खाली घसरत नाही ना, हेही विचारा. दुकानदार फक्त वॅट आणि व्हॉल्व्हची कंपनी सांगत असेल, तर तुमचा स्वतःचा स्पीकर उचलून दुकानात न्या आणि त्यावर वाजवून दाखवायला सांगा.

स्वतः जुळवण्याची हौस असेल तर एक गोष्ट ध्यानात असू द्या. आत चारशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सर तो बराच वेळ धरून ठेवतात. प्लग काढून झाकण उघडलं की आत हात घालण्याआधी ते रेझिस्टन्समधून रिकामे करा, मीटर लावून खात्री करा, आणि तोवर एक हात खिशात ठेवा.